पोटभाडेकरू

मंडळी, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात श्रीखंड सोडून बाकी सगळं असतं, हे आपल्या घरांतलं जुनं सत्य. कढीपत्ता, वाटलेलं आलं, कालची चटणी. पण गेल्या वर्षी गणपतीत माझ्या आईनं फ्रिजमधला असा एक डबा उघडला आणि त्यात सहा झुरळं निघाली. जिवंत, पण थंडीनं सुन्न झालेली.

पुढचं सविस्तर सांगत नाही. आई ८१ वर्षांची आहे, तरी तिचा आवाज कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत गेला, एवढ्यावर समजून घ्या.

डबा माझ्या भाचीचा होता. ती बिदरची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायला हैदराबादला आली आणि आमच्याकडेच राहते. "आजी, अगं, बधिर करायला ठेवली होती. उद्या कॉलेजात न्यायची आहेत," ती रडवेली होऊन सांगत होती. आईनं डबा गॅलरीत काढला, फ्रिज तीनदा पुसला आणि मगच मोदकांचं सारण करायला घेतलं.

संध्याकाळी आरतीला सगळे जमले, तेव्हा हा विषय निघणारच होता. ही मुलगी नक्की करते काय? तिनं सांगितलं, "झुरळांच्या आतड्यात ग्रेगारीन नावाचे एकपेशीय परजीवी असतात. कुठल्या वस्तीतल्या झुरळात कोणत्या जाती सापडतात, ते पाहते." सगळे हसले. मीही हसले. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अगं, यावर नोकरी कोण देणार? मलेरिया घे, डेंग्यू घे. कुणी विचारलं तर सांगता तरी येईल." ती काही बोलली नाही, प्रसादाची ताटली घेऊन आत गेली. दोन दिवसांनी म्हणाली, "मावशी, मी सरांशी बोलते. विषय बदलते." मला वाटलं, शहाणी मुलगी.

पण विषय बदलण्याआधी तिनं मला एकदा गॅलरीत बोलावलं. निवृत्त होताना विद्यार्थ्यांनी दिलेला साधा सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आहे. तो तिनं स्टुलावर मांडला होता आणि काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात झुरळाच्या आतड्याचा तुकडा ठेवला होता. "बघ."

मी पाहिलं. दुधाळ रंगाचे, तांदळाच्या दाण्यासारखे लांबट जीव होते. काही एकेकटे, काही जोडीनं, एकामागे एक चिकटलेले, पॅसेंजर गाडीच्या दोन डब्यांसारखे. ना पाय, ना शेपटी, तरी संथपणे सरकत होते. अमीबासारखा आकारही बदलत नव्हते. एकेक जीव म्हणजे एकच पेशी, आणि मोठ्यातली मोठी पेशी अर्ध्या मिलिमीटरएवढी.

मंडळी, मी इंटरच्या मुलांना ३० वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. झुरळाची मुखांगं, झुरळाची पचनसंस्था हे धडे झोपेतही म्हणून दाखवीन. किती झुरळं उघडली असतील, हिशेब नाही. दर वेळी आतडं पिनेनं बाजूला केलं, त्याचे भाग दाखवले आणि टाकून दिलं. त्या आतड्यात कोण राहतं, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

लहानपणी आम्ही काचीगुड्याला वाड्यात राहायचो. पाच बिऱ्हाडं. त्यातल्या एकानं आपल्या दोन खोल्यांतली एक खोली मालकाला न विचारता तिसऱ्यालाच दिली होती. त्याला सगळे पोटभाडेकरू म्हणायचे. तो शब्द मला त्या दिवशी गॅलरीत आठवला. झुरळ आपल्या घरात भाडं न देता राहतं, आणि हे त्याच्या पोटात.

आता या पोटभाडेकरूंची ओळख करून देते.

ग्रेगारीना हे नाव लिऑन ड्यूफूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२८ मध्ये दिलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कळपानं राहणारा. जगण्याची रीत साधी आहे. अन्नाबरोबर किंवा पाण्याबरोबर त्यांच्या बीजांच्या कुप्या कीटकाच्या पोटात जातात. आतून बारीक पिल्लं निघतात, आतड्याच्या पेशींना टोकानं धरून राहतात आणि वाढतात. मोठी झाली की सुटी होऊन जोडी जमवतात. जोडीभोवती एक कवच तयार होतं, आत नवी बीजं होतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. पुढचं झुरळ ती खातं. झाला संसार. यजमानाला बहुतेक वेळा फारसा त्रास होत नाही.

आत्तापर्यंत ग्रेगारीनच्या दीड हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे. कीटकांच्या नोंदलेल्या जाती आहेत सुमारे १० लाख. म्हणजे बहुतेक कीटकांचं पोट कुणी नीट पाहिलेलंच नाही. माझ्यासारखंच, पिनेनं बाजूला करून टाकून दिलं आहे.

"पण हे पाहून करायचं काय?" मी भाचीला विचारलं. त्यावर ती म्हणाली, "मावशी, तू मला मलेरिया घ्यायला सांगितलंस ना? हे मलेरियाचेच चुलत भाऊ आहेत."

खरंच आहेत. मलेरियाचा जंतू प्लास्मोडियम आणि हे ग्रेगारीन एकाच मोठ्या कुळातले, एपिकॉम्प्लेक्सा नावाच्या. दुसऱ्याच्या पेशीला धरायची किंवा तिच्यात शिरायची अवजारं पेशीच्या एका टोकाशी असणं, ही या घराण्याची खूण. डास चावल्यावर मलेरियाची जी सूक्ष्म पिल्लं आपल्या त्वचेत उतरतात, तीही पाय आणि शेपटी नसताना अशीच सरकत पुढे जातात.

आणि या चुलत भावांची गाठ आपल्याच गावात पडली होती, हे मला या वयात भाचीकडून कळावं? बेगमपेटला जुन्या विमानतळाजवळ रोनाल्ड रॉसच्या नावाची जुनी इमारत आहे. हैदराबादेतल्या शाळकरी मुलांनाही गोष्ट ठाऊक असते. रॉस इंग्रजांच्या लष्करी सेवेतला डॉक्टर. १८९५ मध्ये तो सिकंदराबादला आला आणि डासांची पोटं उघडू लागला. घामानं त्याच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. पंखा हलवला तर डास उडून जातील, म्हणून पंखाही बंद. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला एका डासामागे एक आणा देऊन त्यानं डास चाववून घेतले. त्या माणसानं दहा आणे कमावले. ही गोष्ट आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "त्या काळात दहा आणे काही थोडे नव्हेत हो!" १८९७ च्या २० ऑगस्टला त्यातल्याच एका डासाच्या पोटाच्या भिंतीत रॉसला मलेरियाचा जंतू वाढताना दिसला. १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. २० ऑगस्ट अजूनही जगभर डास दिन म्हणून पाळतात.

आपल्याला ठाऊक नसते ती आधीची गोष्ट. मलेरियाच्या जंतूच्या मागावर असताना, १८९५ मध्येच, रॉसला डासात दुसराच एक जीव दिसला होता. तो ग्रेगारीन होता. ज्या डासामुळे आज आपल्याला डेंग्यू होतो, त्याच एडिस डासातला. पाण्यातली अळी त्याच्या कुप्या गिळते. अळीचा कोष होतो, कोषाचा डास होतो, आणि हा पाहुणा आतल्या आत बिऱ्हाड बदलत डासाच्या उत्सर्जन नलिकांत जाऊन राहतो. डास पाण्याशी आला, पाण्यात मेला, की नव्या कुप्या पाण्यात. माणसाशी त्याला काही देणंघेणं नाही. या जीवाच्या शास्त्रीय नावापुढे आजही 'रॉस, १८९८' असं लिहितात. रॉसला हवा होता मलेरियाचा जंतू, म्हणून तो पुढे गेला. त्यात चूक काहीच नाही. पण सव्वाशे वर्षांत आपणही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

डासाबद्दल आपण एक चुकीचं चित्र मनात धरून असतो. डास म्हणजे उडती सुई, एकाचं रक्त दुसऱ्याला टोचणारी. प्लास्मोडियमसाठी तसं नाही. त्याच्या नर-मादीचं मीलन डासाच्याच पोटात होतं, माणसात नाही. प्राणिशास्त्राच्या नियमानं ज्याच्या शरीरात मीलन होतं तो मुख्य यजमान. म्हणजे मलेरियाच्या जंतूचं मुख्य घर डास. आपण मधलं ठिकाण.

आता दुसरं कुटुंब. यांना ट्रिपॅनोसोमॅटिड म्हणतात. चाबकासारखी एकच शेपटी आणि तिच्या बुडाशी हजारो बारीक कड्या एकमेकींत अडकवलेल्या डीएनएचं जाळं. सोनाराच्या दुकानातल्या साखळीसारखं, पण प्रत्येक कडी तिच्या शेजारणींत अडकलेली. यांतले बहुतेक जण फक्त कीटकांत राहतात, विशेषतः माश्या आणि ढेकणांच्या आतड्यात. कपाशीवर दिसणाऱ्या लाल ढेकणांच्या कुळात लेप्टोमोनास सापडतो. डासात क्रिथिडिया सापडतो. तो माणसाला काही करत नाही आणि प्रयोगशाळेत सहज वाढतो, म्हणून शास्त्रज्ञांचा लाडका. त्याचाच एक भाऊ भुंग्यासारख्या केसाळ बम्बलबी माश्यांत राहतो आणि फुलांवरून एकीकडून दुसरीकडे जातो. त्याची लागण झालेल्या राणीला नवी वसाहत उभारणं जड जातं.

या बिनउपद्रवी कुटुंबातच काही मुलं बाहेरची निघाली. बिहारमध्ये पिढ्यान्‌पिढ्या माणसं मारणारा काला-आजार ज्यामुळे होतो, तो लिशमानिया याच घरचा. सँडफ्लाय नावाची बारीक माशी चावते, तेव्हा तो आपल्यात येतो. घराण्याची वंशावळ डीएनएवरून मांडली तेव्हा दिसलं की याचे पूर्वज फक्त कीटकांत राहत होते. रक्त पिणाऱ्या कीटकांबरोबर त्यांना आपल्या अंगापर्यंतची वाट सापडली. ही वाट बंद झाली आहे असंही समजू नका. भारतातल्या काही काला-आजार रुग्णांच्या नमुन्यांत लिशमानियाबरोबर लेप्टोमोनास सापडला आहे. ज्याला आपण 'फक्त कीटकांतला' म्हणत होतो, तोच. तो नमुन्यात आहे हे ओळखायचं, तर आधी कुणीतरी ढेकणाच्या पोटात त्याला पाहून ठेवलेलं असावं लागतं.

हे ऐकताना मी गप्प झाले होते. गणपतीतलं माझंच वाक्य मला आठवत होतं.

तिसरं कुटुंब मायक्रोस्पोरिडिया. यांचा परिचय आपल्या पैठणीशी, म्हणजे रेशमाशी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले रेशीमकिडे पटापट मरू लागले. अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके यायचे, म्हणून तिकडच्या बोलीत रोगाचं नावच मिरीवरून पडलं, पेब्रिन. १८६५ मध्ये लुई पाश्चरला तिकडे पाठवलं. त्याला रेशीमकिड्यांची काहीही माहिती नव्हती. पाच वर्षं काम करून त्यानं उपाय दिला तो साधा: अंडी घातलेली मादी वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तिच्यात चकाकते कण दिसले तर तिची अंडी जाळून टाका. आपल्या देशातल्या रेशीमबीज केंद्रांत आजही मादी अशीच तपासतात. ते कण म्हणजे नोसेमा. आपल्या सातेरी मधमाशीच्या जातीत पहिल्यांदा ओळखलेला नोसेमाचा दुसरा एक प्रकार पुढे युरोपीय मधमाशीतही सापडला आणि आता जगभरच्या मधपाळांची ती डोकेदुखी आहे.

या कणाच्या आत एक लांब नळी गुंडाळून ठेवलेली असते. कीटकाच्या आतड्यात ती क्षणात बाहेर झेपावते, पेशीला भोक पाडते आणि आतला ऐवज थेट तिच्यात ओतते. आत शिरल्यावर हा भाडेकरू शक्ती स्वतः बनवत बसत नाही, यजमानाच्या पेशीतून घेतो. वाड्याच्या भाषेत सांगायचं तर मालकाच्या मीटरवरून वायर ओढून आपला दिवा लावतो. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की स्वतःचं स्वयंपाकघर ठेवायची गरज उरत नाही. काही मायक्रोस्पोरिडियांचा सगळा जीनोम ई-कोलाय या साध्या जीवाणूपेक्षाही लहान झाला आहे. इतका कमी संसार पाहून शास्त्रज्ञांना वाटलं होतं की हे फार जुने, फार मागासलेले जीव असणार. पेशींना ऊर्जाघरं मिळण्याच्या आधीच्या काळातले. नंतर कळलं की हे बुरशीचे नातलग आहेत, आणि २००२ मध्ये त्यांच्यात ऊर्जाघराचे उरलेसुरले अवशेषही सापडले. साधेपणा जन्मजात नव्हता. हळूहळू एकेक भांडं देऊन टाकल्यामुळे आलेला होता.

असंच एक भांडं मलेरियाच्या जंतूनं मात्र अजून फेकलेलं नाही, आणि ते ऐकून मी खरोखर थक्क झाले. प्लास्मोडियमच्या पेशीत एक चिमुकली पिशवी आहे. १९९६ च्या सुमारास तिची ओळख पटली. ते हरितलवक आहे. हो, झाडाच्या पानात असतं ते! हिरवा रंग गेला, उन्हावर अन्न बनवणं गेलं, पण पिशवी राहिली, कारण तिच्यातली एक-दोन कामं जंतूला अजून लागतात. म्हणजे याचे फार जुने पूर्वज समुद्रात ऊन खाऊन जगणारे होते. २००८ मध्ये सिडनीच्या बंदरातल्या प्रवाळांबरोबर राहणारा त्यांचा एक नातलग जगापुढे आला, क्रोमेरा. तो अजूनही सूर्यप्रकाशावर जगतो. काही ग्रेगारीनमध्ये मात्र ही पिशवी सापडतच नाही. त्यांनी तीही मोडीत काढली.

याचा उपयोग? डॉक्सिसायक्लिन या गोळीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मलेरियाच्या भागात जाणाऱ्यांना ती देतात. मूळची ती जीवाणूंविरुद्धची. मलेरियाच्या जंतूवर ती चालते, कारण तिचा घाव त्या जुन्या पिशवीवर बसतो. हरितलवकाचे पूर्वज जीवाणू होते, आणि ती घराण्याची खूण अजून शिल्लक आहे. आपल्या पेशीत हरितलवक नाही, म्हणून तो घाव आपल्याला लागत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीची सोयरीक आजच्या औषधाला अशी कामाला येते.

झुरळातल्या ग्रेगारीनमधून उद्या औषध निघेल, असं मी म्हणणार नाही. भाचीही म्हणत नाही. पण कोणतं भांडं कुणी ठेवलं आणि कुणी टाकलं, हे सगळ्या भावंडांची घरं पाहिल्याशिवाय कळत नाही. एकट्या गुन्हेगाराकडे बघत बसलं तर त्याचं कुळ समजत नाही.

त्या दिवशी गॅलरीतून आत येताना मी तिला म्हटलं, "सरांशी बोललीस का?" ती म्हणाली, "उद्या बोलणार आहे." मी म्हटलं, "नको बोलूस." तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग मी जे गणपतीत सगळ्यांसमोर बोलले होते, ते चुकलं असंही सगळ्यांसमोरच सांगितलं, रविवारी जेवताना. माझ्या वयात ते सोपं नसतं, पण तिखट जेवण असलं की डोळ्यांतल्या पाण्याचं कुणी फार मनावर घेत नाही.

यंदा २० ऑगस्टला आम्ही दोघी बेगमपेटला जाऊन आलो. तिनं फाटकाशी उभं राहून फोटो काढला. आता ती प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणावर आहे. पुढे नोकरी मिळेल का, हा प्रश्न संपलेला नाही. माझ्या बहिणीला रात्री त्यानं झोप येत नाही, आणि तिची काळजी मला खोटी वाटत नाही. एवढंच की तो प्रश्न आता तिच्या कामाला हसून कुणी विचारत नाही.

तुमच्या घरातही कुणी असं काही शिकत असेल, ज्याचं नाव ऐकून पाहुणे हसतात, तर आरतीच्या वेळी नव्हे, नंतर निवांत त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, दाखव बरं. झुरळ दिसलं तर चप्पल मात्र जरूर उचला. मीही उचलते.

आईनं तिला डब्यासाठी गॅलरीत वेगळा कोनाडा दिला आहे. फ्रिजला हात लावायचा नाही, ही अट कायम. पण रोज संध्याकाळी भाची कॉलेजातून आली की चहा गाळता गाळता आई विचारते, "मग, आज कुणाकुणाच्या पोटात काय निघालं?"